गडग्यावरचा सुभेदार

भारद्वाज बघावा तो चालताना. काळंभोर अंग, विटकरी पंख, लालभडक डोळे आणि मागे लांबलचक शेपूट. आमच्या आगरातला भारद्वाज डाव्या पायाने किंचित लंगडायचा, पण रुबाब असा की महसूल गोळा करायला निघालेला सुभेदारच. ते नाव माझ्या लेकीने ठेवलेलं. उडायची वेळ आली की मात्र सगळा रुबाब संपायचा. चार-दोनदा पंख फडफडवून स्वारी जेमतेम पलीकडच्या झुडपात धपकन पडायची आणि लेक खो खो हसत सुटायची.

घर रत्नागिरीकडचं. मागे माड, पोफळी, केळी आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेलं अळू. भोवती जांभ्या दगडांचा गडगा. पावसाच्या तोंडावर भारद्वाज घुमायला लागला की ‘ऊप् ऊप् ऊप्’ असा खोल आवाज सगळ्या आगरात भरून राहतो. रिकाम्या कळशीत तोंड घालून लेक तस्सा आवाज काढायची. सुभेदार आपल्याला उत्तर देतो असं तिचं ठाम म्हणणं. नर-मादी आळीपाळीने घुमतात, तेव्हा तो आपल्या मादीला साद देत असणार. पण हे मी तिला कधी सांगितलं नाही.

भारद्वाज दिसणं शुभ मानतात. सासूबाई हातातलं काम टाकून नमस्कार करायच्या आणि मलाही बजावायच्या, “अगो, हात जोड, भारद्वाज दिसला.” त्या भाद्रपदात तापाने फणफणलेल्या लेकीला घेऊन आम्ही गाडीत बसलो, तेव्हाही तो गडग्यावर होता. सासूबाईंनी हात जोडले. लेक परत आली नाही. नंतर कित्येक महिने सासूबाईंनी त्या गडग्याकडे मान वर करून बघितलं नाही.

पुढच्या पडवीत माणसं येत राहिली. सगळी भली माणसं. कुणी म्हणे देवालाच आवडली, कुणी पूर्वजन्मीचं देणं काढी, कुणी हलक्या आवाजात, “अजून वय आहे तुमचं, दुसरं होईल.” प्रत्येकजण बोलता बोलता माझ्या तोंडाकडे बघायचा, आपलं बोलणं लागू पडलं की नाही ते तपासायला. त्या बघण्याचा मला फार शीण यायचा. मग घासायला दोन भांडी असली तरी मी ती घेऊन मागच्या दाराशी जाऊन बसायची. तिथे सुभेदार असायचा. अळूची पानं बाजूला सारत, एकेक गोगलगाय उचलत तो हाताच्या अंतरावरून जायचा. माझ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. दिवसभरात तेवढाच वेळ मला धड श्वास घेता यायचा.

मार्गशीर्षातल्या थंडीत तो सकाळी गडग्यावर चढून दोन्ही पंख पसरायचा आणि उन्हाकडे पाठ करून बसायचा. पिसं अशी विस्कटलेली, की अनोळखी माणसाला तो जखमी वाटावा. ऊन अंगात मुरलं की पंख झटकून उतरायचा आणि कामाला लागायचा. मीही तोवर बसून राहायची. सासूबाई आतून चहाला हाक मारायच्या, आणि बाहेर बसलीस का, असं एकदाही विचारायच्या नाहीत.

तो गोजिरवाणा होता असं मात्र कुणी समजू नये. चैत्रात जास्वंदीत बुलबुलांनी घरटं केलं होतं. पिल्लं उघडीवाघडी, नुसती चोच वासणारी. एका दुपारी सुभेदार जास्वंदीत शिरला आणि एकेक करून ती गिळून बाहेर आला. बुलबुलांची जोडी त्याच्या डोक्यावर आकांत करत घिरट्या घालत होती. थोड्या वेळाने आई चोचीत अळी घेऊन आली, रिकाम्या घरट्याच्या काठावर बसली, उडाली, पुन्हा आली. मी भांडं हातात धरून बघत राहिले. त्याला हाकलायला दगड उचलला नाही, कारण त्याला गुन्हेगार ठरवावं असं मला वाटेना. इथे जे घडलं त्याचं कारण सांगायला कुणी आलं नाही, हे मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. काही दिवसांत बुलबुलांनी लिंबाच्या झाडावर नवं घरटं बांधायला घेतलं. ‘बघ, त्यांच्याकडून शीक’ असं शेजारची एक म्हणाली. मी काही शिकले नाही. बुलबुलांनी बुलबुलांचं बघावं.

आषाढात सुभेदार लांब लांब पाती चोचीत धरून बांबूच्या बेटाकडे जाताना दिसू लागला. भारद्वाज कोकिळेच्या कुळातला, पण दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकत नाही. स्वतः बांधतो, आणि घरट्याचं न् अंडी उबवण्याचं बरंचसं काम नरच करतो. घरटं चेंडूसारखं गोल, वरून झाकलेलं, बाजूने दार. एक दिवस हे छत्री घेऊन बेटात वाकून बघायला गेले. लेक गेल्यापासून ते कामापुरतंच बोलत होते. आतून साप फुत्कारावा तसा आवाज आला, तसे ते दचकून मागे सरले आणि चिखलात बसले. घरट्यात पिल्लं होती, काळ्या कातडीवर पांढरे राठ केस उभे राहिलेली. भारद्वाजाची पिल्लं घाबरली की अशीच फुत्कारतात. “काय ही ध्यानं!” हे म्हणाले आणि हसले. मग म्हणाले, “ती असती तर एव्हाना यांची नावं ठेवून झाली असती.” घरात तिचा विषय त्यांनी असा पहिल्यांदाच काढला. त्या संध्याकाळी आम्ही तिच्याबद्दल पुष्कळ बोललो, आणि तिची भांडणंही आठवली.

सुभेदार आणखी काही पावसाळे होता. एका वैशाखानंतर लंगडी चाल दिसेनाशी झाली. कुठे गेला, कशाने गेला, कळलं नाही. आता गडग्यावर त्याच्याच वंशातला म्हणू असा एक असतो. आला तेव्हा अंगावर कोवळ्या वयाचे पट्टे होते, पुढे गेले. सासूबाई त्याला पुन्हा नमस्कार करू लागल्या आहेत. मी करत नाही. पावसात अळूवर गोगलगायी फार होतात, त्या वेचून मी गडग्याच्या कडेला नेऊन टाकते. ह्यांना ते पटत नाही. मीठ टाकून मोकळं व्हावं असं त्यांचं मत. सगळ्या गोगलगायी रात्रीतून परत अळूवर येतात, असं ते म्हणतात, आणि बऱ्याच येतातही.