चेंडूंची वही

सकाळी सहाला मैदानावर पोहोचलो की मी आधी वही उघडतो. दादरला मुलांना क्रिकेट शिकवायला लागून मला २४ वर्षं झाली. वहीत प्रत्येक वेगवान गोलंदाजाचं एक पान आहे. तारीख, सामन्यात टाकलेले चेंडू, नेटमध्ये टाकलेले चेंडू आणि दर महिन्याला मोजलेली उंची. पहिली काही वर्षं ही वही नव्हती. ती का आली, ते सांगायला हवं.

मी स्वतः मध्यमगती गोलंदाज. कांगा लीगमध्ये भर पावसाळ्यात, भिजलेल्या विकेटवर चेंडू टाकत घडलो. टाइम्स शील्ड खेळणाऱ्या एका कंपनीत खेळाच्या जोरावर नोकरी मिळाली. खेळणं थांबलं तेव्हा फायलींत जीव रमेना. ऑफिसच्या आधी आणि नंतर मुलांना शिकवू लागलो, प्रशिक्षकांची ‘लेव्हल वन’ परीक्षा दिली आणि नोकरी सोडली. थ्रोडाऊन देऊन देऊन खांदा दुखायचा. पावसाळ्यात नेट बंद, म्हणजे फीही बंद. तरी या कामाचा मला कधी कंटाळा आला नाही.

माझ्या मनात आदर्श होता तो सचिन तेंडुलकरच्या प्रशिक्षकांचा, आचरेकर सरांचा. सचिनला स्कूटरवर मागे बसवून ते एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला न्यायचे, हे आम्ही सगळे ऐकत आलो. फेब्रुवारी १९८८मध्ये आझाद मैदानावर, शालेय हॅरिस शील्डच्या उपांत्य सामन्यात सचिन आणि विनोद कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागीदारी केली, तेव्हा तर मुंबईच्या प्रत्येक प्रशिक्षकाची खात्री पटली की जितकं खेळाल तितकं वाढाल. फलंदाजाच्या बाबतीत ते खरंच आहे. पण त्या ६६४ धावा होताना समोरून चेंडू टाकणारीही शाळकरी मुलंच होती, हा विचार माझ्या मनात फार उशिरा आला.

पंधराएक वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता. वय पंधरा, एका वर्षात चांगलाच उंच झालेला, उजव्या हाताने सुरेख आउटस्विंग टाकणारा. शाळेच्या एका महत्त्वाच्या सामन्यात मी त्याला एका बाजूने सलग अकरा षटकं टाकायला लावली. आम्ही जिंकलो. दोन दिवसांनी नेटमध्ये तो म्हणाला, “सर, कमरेत कळ येते.” मी म्हणालो, “गरम पाण्याने शेक, उतरेल.” आणि पुन्हा चेंडू त्याच्या हातात दिला.

महिन्याभरात त्याला बुटाची नाडी बांधायला वाकता येईना. एमआरआय काढला. मणक्याच्या खालच्या भागात, डाव्या बाजूला स्ट्रेस फ्रॅक्चर होतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं: चेंडू टाकताना पुढचा पाय आपटतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट भार येतो. त्याच क्षणी कंबर वळते आणि एका बाजूला झुकते. वाढत्या वयातलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. एका चेंडूने काही होत नाही. रोजच्या चेंडूंनी झालेली झीज भरून यायला वेळ मिळाला नाही, की हाडाला तडा जातो.

त्याचे वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. उलट म्हणाले, “सर, आता पुढे काय करायचं ते तुम्हीच सांगा.” तो विश्वास मला शिक्षेसारखा वाटला. सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर मुलगा परत आला, पण वेग परतला नाही. दोन हंगामांनी त्याने खेळणं सोडलं. चूक माझी होती. दुखतंय असं त्याने सांगितलं होतं.

त्यानंतर मी पुन्हा विद्यार्थी झालो. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट मंडळांनी कोवळ्या वयाच्या वेगवान गोलंदाजांसाठी वयानुसार मर्यादा आखल्या आहेत, त्या वाचल्या. मग वही सुरू केली. मॅट ठेवायच्या खोलीच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा करू लागलो. खूण भराभर वर सरकली की त्या मुलाची गोलंदाजी कमी करतो. नेटमधले चेंडूही मोजतो, कारण पाठीला सामना आणि सराव यांतला फरक कळत नाही. एकच मुलगा शाळेकडून, क्लबकडून आणि अकादमीकडूनही खेळतो आणि तिघा प्रशिक्षकांना एकमेकांचा हिशोब माहीत नसतो. म्हणून पानाची नक्कल मुलाच्या किटबॅगेतही असते.

यामुळे मी काही सामने हरलो. दोन पालक, “तुमच्याकडे बॉलिंगच मिळत नाही,” म्हणून मुलांना घेऊन गेले. मला त्याचं दुःख नाही. वेगवान गोलंदाज जसप्रीत बुमराहसुद्धा पाठीच्या दुखण्यामुळे २०२२च्या सप्टेंबरपासून जवळजवळ वर्षभर भारताकडून खेळू शकला नव्हता. त्याच्यासाठी डॉक्टर आणि फिजिओ होते. माझ्या मुलांजवळ मैदानावर फक्त मी असतो.

फलंदाज चेंडू खेळून वाढतो, पण कोवळ्या वयाचा वेगवान गोलंदाज चेंडू राखून वाढतो. तुमचा मुलगा वेगवान गोलंदाजी करत असेल, तर आज घरी आल्यावर त्याने किती बळी घेतले हे विचारण्याआधी किती चेंडू टाकले ते विचारा. आणि तो कंबर दुखते म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्या, मैदानावर नाही.