व्याळू, पंगत आणि सपर क्लब

‘सपर क्लब’ हा शब्दप्रयोग अलीकडे मराठी बोलण्यात रुळू लागला आहे. मुंबई-पुण्याच्या एखाद्या सदनिकेत आठ-दहा अपरिचित माणसे ठरल्या दिवशी, ठरल्या दराने, यजमानाने योजिलेला स्वयंपाक जेवावयास जमतात. त्या जेवणाला हे नाव दिले जाते. अमेरिकेत, विशेषतः विस्कॉन्सिन राज्यात, तेच नाव निराळ्या गोष्टीचे आहे. तेथे सपर क्लब म्हणजे गावाबाहेरच्या रस्त्यावर, पुष्कळदा तळ्याकाठी असलेले, निवांत जेवणाचे उपाहारगृह. १९३३ साली दारूबंदी उठल्यानंतर ही गृहे फोफावली. जेवणाआधी ब्रँडीचा पेला, शुक्रवारी तळलेली मासळी, शनिवारी बरगडीचे भाजलेले मांस, असा तेथला शिरस्ता. नावात क्लब असला तरी सभासदत्वाची अट बहुधा नसतेच. येईल त्याला मेज मिळते. हे दोन्ही अर्थ मराठीत आणू पाहणारा अनुवादक प्रथम कोश उघडतो, आणि कोश त्याला अर्ध्या वाटेपर्यंतच सोबत करतो.

‘सपर’पुरती ती सोबत चांगली आहे. मराठीत रात्रीच्या जेवणाला ‘व्याळू’ हा जुना शब्द होता. हिंदीत ‘ब्यालू’, गुजरातीत ‘वाळू’. तिन्हींच्या मुळाशी संस्कृत ‘विकाल’. विकाल म्हणजे दिवस ढळल्यानंतरची वेळ. पण विकालाला अवेळ हाही अर्थ आहे, आणि काशीत बसून या शब्दाचा विचार करणाऱ्याला तो टाळता येत नाही. शहरापासून दहा-एक किलोमीटरवर सारनाथ आहे. तेथे ज्या भिक्षुसंघाचा आरंभ झाला, त्याच्या नियमांत विकालभोजन वर्ज्य आहे, म्हणजे मध्यान्हानंतर दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत जेवावयाचे नाही. जैनांचा रात्रिभोजनत्याग परिचितच आहे. उलट ‘नक्त’ व्रत करणारा दिवसभर उपाशी राहून रात्रीच जेवतो. एका बाजूला निषेध, दुसऱ्या बाजूला व्रत, आणि त्यांच्यामध्ये शेतावरून परतलेल्या कुणब्याची साधी व्याळू: एवढा पसारा या शब्दामागे आहे. सपरला, त्याच्या मुळाशी असलेल्या सुपाच्या वाडग्यापलीकडे, असा इतिहास नाही. गुजराती अनुवादकाचे काम इथे सोपे, कारण त्याच्या घरात ‘वाळू’ अजून बोलले जाते. मराठीत ‘व्याळू’ योजली तर बहुतेक वाचकांसाठी टीप द्यावी लागेल.

‘क्लब’ तर परका राहिलेलाच नाही. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यातील विद्यार्थी आपल्या सामायिक जेवणाच्या सोयीलाही क्लब म्हणत.

अडचण या दोन शब्दांत नाहीच. ती आहे त्यांच्या जोडणीत, म्हणजे कोणी कोणाबरोबर जेवावे या प्रश्नात. एकत्र जेवण्याचा मराठी शब्द पंगत, आणि पंगतीचा शब्दसंग्रह पाहिला तर तो अन्नापेक्षा माणसांविषयी अधिक बोलतो. पंक्तिपावन, पंक्तिबाह्य, पंक्तिभेद, पंक्तीला घेणे. एकाच ओळीत एकाला तूप अधिक व दुसऱ्याला कमी वाढले तर तो पंक्तिप्रपंच. जेवणाच्या ओळीत कोणाला जागा आहे यावर समाजातील जागा ठरत असे, आणि ती ठरविण्याचे एक मोठे पीठ काशीत होते. शके १५७९ म्हणजे इ. स. १६५७ मध्ये विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरली. प्रश्न कोकणातला होता: देवर्षी, म्हणजे देवरुखे, ब्राह्मणांना इतर ब्राह्मणांनी आपल्या बरोबरीचे मानून पंक्तीला घ्यावे की नाही? दक्षिणेतून येऊन काशीत स्थायिक झालेल्या विद्वान घराण्यांचा शब्द या सभांत वजनदार असे. निर्णय देवर्षींच्या बाजूने लागला, तसे पत्र झाले. शेकडो कोस दूरच्या गावातल्या जेवणाच्या ओळीसाठी गंगाकाठी सह्या व्हाव्यात, यावरून त्या ओळीचे मोल कळते. बारा वर्षांनी, १६६९ मध्ये, ते मंदिर पाडले गेले. वाद मात्र पुढेही धुमसत राहिला.

अपरिचिताला घरी जेवू घालण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे: सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. माधुकरी होती, काशीत अन्नछत्रे होती. पैसा देऊन जेवावयाचे तर खानावळ होती. परंतु वाराच्या घरी विद्यार्थ्याचे कुलगोत्र आधी ठाऊक असे, आणि बसावयाची जागाही ठरलेली असे. त्या अन्नाने अनेकांचे शिक्षण झाले, आणि त्या अन्नाचा सल कित्येकांनी आत्मचरित्रांत नोंदविला आहे.

ही ओळ मोडण्यासाठी जो शब्द घडला तो ‘सहभोजन’. केरळात चेराई येथे १९१७ साली सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडविले. त्यापायी त्यांना ‘पुलयन अय्यप्पन’ म्हणून हिणविण्यात आले, आणि ते बिरुद त्यांनी अभिमानाने मिरविले. १९२८ च्या एप्रिलात पुण्याच्या गायकवाडवाड्यात श्रीधरपंत टिळकांच्या पुढाकाराने समाज समता संघाची शाखा निघाली, डॉ. आंबेडकर तेथे आले, सहभोजन झाले. १९३३ मध्ये रत्नागिरीस सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह काढविले. मात्र केवळ सहभोजनाने जात मरत नाही, हे आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या न झालेल्या लाहोरच्या भाषणात स्पष्ट लिहून ठेवले.

म्हणूनच ‘सपर क्लब’साठी ‘सहभोजन’ हा सोपा वाटणारा पर्याय स्वीकारू नये. सदनिकेतील मेजाभोवती कोणी कोणाची जात विचारीत नाही, हे खरे. आगाऊ नोंदणी करताना शाकाहारी की मांसाहारी एवढेच विचारतात. पण तेथवर पोहोचण्यासाठी दर परवडावा लागतो, आणि निमंत्रणाची वार्ता ज्या ओळखीपाळखींतून फिरते त्यांत आपण असावे लागते. हा दोष म्हणून सांगावयाचा नाही. तो एक वेगळा व्यवहार आहे. ज्या शब्दासाठी माणसांनी बहिष्कार सोसला, तो या व्यवहाराला लावला तर त्या शब्दाचा अर्थ पातळ होईल, एवढेच. ‘पंगत’ त्याहून गैरलागू. पंगतीला बोलावणे येते, पैसे मोजावे लागत नाहीत.

विस्कॉन्सिनची कथा मराठीत आणताना ‘सपर क्लब’ तसाच ठेवावा, आणि तळे, शुक्रवारची मासळी, मेज मिळेपर्यंत हाती पेला घेऊन ताटकळणारी गिऱ्हाइके यांना अर्थ सांगू द्यावा. मुंबईच्या मेजासाठीही तूर्त तोच शब्द पुरे. ज्या कथेत दिवे लागणीला दमून आलेला माणूस चुलीपुढे ताट घेऊन बसतो, तेथे ‘व्याळू’ लिहावे. टीप द्यावी लागली तरी.