रँक एक

मंडळी, या वेळी लिहायला उशीर झाला. दिवाळीच्या सुट्टीत नातू आला होता, आणि तो आला की आजीचं टेबल, खुर्ची, चष्मा सगळं त्याच्या मालकीचं होतं. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरायचं आणि तिथून गाडीने रेवदंड्याला. तेवढ्या प्रवासात बाबाचं डोकं खाऊन झालेलं असतं. इथे पोचल्यावर पाळी माझी.

या खेपेला त्याच्यासोबत पोकेमॉनच्या कार्डांचा डबा होता. शेजारची दोन मुलं आणि मावसबहीण धरून चौघांचा अड्डा पडवीत जमला. मी पलीकडे वाल सोलत बसले होते, त्यामुळे कान मोकळे होते.

भाऊबीजेला मामाने नवीन पाकीट दिलं. पाकीट फोडताना चौघांनीही श्वास रोखला होता. आत निघाला चारिझार्ड, म्हणजे आग ओकणारा, पंखवाला ड्रॅगनसारखा प्राणी. मुलांनी असा गलका केला की सुपारीच्या वाडीतले पक्षी उडाले. आमचे चिरंजीव मात्र गप्प.

रात्री अंथरुणावर पडल्यावर खरं कारण कळलं. त्याच्याकडे एक जुना चारिझार्डही आहे, अमेरिकेतल्या आत्याने दिलेला, पहिल्या संचातला. तो त्याचा जीव की प्राण. कार्डावर एक आकडा असतो, त्या प्राण्याने किती मार सोसला की तो हरतो हे सांगणारा. जुन्याचा आकडा १२०, नव्याचा ३३०. "आजी, जुना त्याच्यापुढे एका फटक्यातच मरतो. मावशीची ताई म्हणाली, आता तो नुसता दाखवायला ठेव."

मी म्हटलं, अरे, कागदच तो. हे बोलायला नको होतं. त्याने पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी मुलाला विचारलं. तो संगणकातला, त्याला असलं सगळं माहीत असतं. त्याने सांगितलं की हा तंटा या खेळांइतकाच जुना आहे. रिचर्ड गारफील्ड नावाच्या गणिताच्या अभ्यासकाने 'मॅजिक : द गॅदरिंग' हा जादूगारांच्या लढाईचा खेळ रचला, तो १९९३ साली बाजारात आला. असल्या पत्त्यांच्या खेळांची सुरुवात तिथून. इथे पत्त्यांचा कॅट बावन्नावर संपत नाही. कंपनी नवी पानं काढतच राहते. नवं पान दुबळं निघालं तर लोक म्हणतात, पैसे पाण्यात गेले. जोरकस निघालं तर म्हणतात, आमची जुनी पानं रद्दीत घातलीत. १९९५ साली कंपनीने जुनीच दुर्मीळ पानं 'क्रॉनिकल्स' नावाच्या संचात पुन्हा छापली, तेव्हा जुने संग्राहक इतके चिडले की पुढच्या वर्षी कंपनीला यादीच जाहीर करावी लागली : ही ही पानं आम्ही पुन्हा छापणार नाही. २०२० मध्ये एका अमेरिकन मालिकेतली माणसं 'मॅजिक'च्या पत्त्यांवर आली, तेव्हाही गदारोळ झाला. परीकथेच्या राज्यात ही टीव्हीवरची माणसं कुठून आली? हा आमच्या खेळातला नाही!

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि हातातलं काम थांबलं. हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, अगदी याच शब्दांत. वर्ष १९९६.

त्याच वर्षी जपानात पोकेमॉनची पहिली कार्डं निघाली, पण आमच्याकडे तेव्हा राज्य होतं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ट्रम्प कार्डांचं. अंडरटेकर, हल्क होगन, योकोझुना. प्रत्येक कार्डावर उंची, वजन, छाती, दंड, किती कुस्त्या लढला, किती जिंकला, आणि सगळ्यात वर रँक. कार्डं उलटी धरायची, एकाने आकडा पुकारायचा, ज्याचा सरस त्याने समोरच्याचं पान घ्यायचं. मधल्या सुट्टीत वर्गात दुसरं काही चालत नसे.

त्या ऑगस्टमध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये लिएंडर पेसने टेनिसचं ब्राँझ जिंकलं. मी आठवीच्या वर्गात धडा बाजूला ठेवून सांगितलं की स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी मिळवून दिलं, १९५२ साली हेलसिंकीत, कुस्तीत. जायला पैसे नव्हते, लोकांनी हातभार लावला. त्यानंतर असं पदक यायला ४४ वर्षं लागली. मुलं जांभया देत होती. मला वाटलं, वाया गेलं.

आठवड्याभराने मधल्या सुट्टीत त्याच वर्गातून आरडाओरडा ऐकू आला. "हा आपल्या खेळातला नाही!" "टीव्हीवर कुठे दिसतो?" "रँक एक आधीच आहे, दुसरा कसा येईल?" मी तरातरा आत गेले, कोण काय म्हणतंय ते न विचारता बाकावरची सगळी कार्डं गोळा केली आणि मधल्या मुलाला, तो कोळीवाड्यातून यायचा, उरलेला दिवस वर्गाबाहेर उभं केलं. गठ्ठा कपाटात टाकला. वर्ष संपताना परत देऊ म्हटलं होतं. दिला नाही. विसरले, एवढंच खरं उत्तर आहे.

नातवाला ही गोष्ट सांगितली तेव्हा त्याने एकच विचारलं, "मग ती कार्डं कुठायत?"

निवृत्तीनंतर शाळेतून आणलेली लोखंडी ट्रंक माळ्यावर होती. त्यात जुन्या टाचणवह्यांच्या खाली गठ्ठा सापडला. रबरबँड वितळून चिकटला होता. नातवाने एकेक पान सोडवलं आणि मध्येच ओरडला, "आजी, हे हाताने केलंय!"

लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा. मागे अर्धा गणपती. पुढे निळ्या पेनाने काढलेला लंगोटातला पैलवान आणि खाली खाशाबा जाधव. वजन ५७ किलो. त्या गठ्ठ्यात सगळ्यात हलका माणूस तोच असावा, वजन पुकारलं की हमखास हरणार. तरी मुलाने खरा वजनगट लिहिला होता, वाढवून लिहिला नव्हता. कारण मी तेवढाच सांगितला होता. सबंध वर्गात माझं बोलणं ज्याने मनावर घेतलं, त्यालाच मी बाहेर उभं केलं होतं.

वर लिहिलं होतं रँक १. त्यापुढे दुसऱ्या पेनाने, दुसऱ्या अक्षरात : "फक्त भारतात."

नातू म्हणाला, "म्हणजे त्यांनी घेतलं होतं खेळात. बघ ना, नियम केलाय." हे मला त्याने दाखवून द्यावं लागलं. मी शिरले तेव्हा भांडण मिटत आलं होतं. नवं पान आलं, ओरडा झाला, आणि मुलांनी आपापसात त्याला जागा करून दिली होती. माझ्या कानांना फक्त ओरडा ऐकू आला.

त्या मुलाचा नंबर एका माजी विद्यार्थिनीकडून मिळाला. आता चाळिशी ओलांडली आहे त्याने, स्वतःची होडी आहे. फोनवर नाव सांगताच म्हणाला, "बाई! बऱ्या आहात ना?" मी कार्डांचं सांगितलं. तो थोडा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "खाशाबा अजून आहे?" आणि मग हसत, "बाकीची माझी नव्हती हो बाई, उसनी होती. दिवाळीपर्यंत पैसे फेडत होतो मी त्यांचे."

मी "चुकलं माझं" म्हटलं. तो म्हणाला, "जाऊ द्या बाई." जाऊ द्यायला सांगणं त्याच्या मनाचा मोठेपणा. माझ्याकडून ते जात नाही.

इकडे पडवीत शेवटच्या दोन दिवसांत नवा नियम झाला. आजीच्या घरी खेळताना जुन्या चारिझार्डला पहिला फटका माफ. मावसबहिणीने बरीच कुरकूर केली, मग मान्य केलं. मी मध्ये पडले नाही. वाल सोलत राहिले.

असो. येत्या रविवारी तो येणार आहे, पापलेट घेऊन येतो म्हणाला. नातवाने जाताना आपल्या डब्यातलं एक प्लास्टिकचं पाकीट काढून खाशाबांना त्यात घातलंय. गठ्ठा टेबलावरच ठेवलाय, समोर, म्हणजे या वेळी विसरायला नको.