चाळीस पानांची पंगत

"आज रात्री रेड आहे" हे वाक्य, ज्यानं बँकेत चौतीस वर्षं काढली आहेत त्याच्या पोटात गोळा आणायला पुरेसं असतं. आमच्या पिढीला रेड ठाऊक ती इन्कम टॅक्सवाल्यांची, नाहीतर मटक्याच्या अड्ड्यावरची. दोन्हींत सभ्य माणसानं सापडू नये असा संकेत. त्यामुळे २०२० च्या एप्रिलात, सगळं जग कडीकुलपात बसलेलं असताना, मी जेवता जेवता सहज म्हणालो, "आज साडेअकराला आमची रेड आहे," तेव्हा सौ.नं आमटीचा डाव तसाच अधांतरी धरला आणि विचारलं, "कुणाच्या घरी?"

खुलासा करतो. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नावाचा एक खेळ २००४ च्या नोव्हेंबरात निघाला. पुढे त्यात इतक्या सुधारणा झाल्या की जुनी मंडळी "आमच्या वेळचं ते राहिलं नाही" असं म्हणायला लागली. तेव्हा २०१९ च्या ऑगस्टमध्ये कंपनीनं तोच जुना खेळ 'क्लासिक' या नावानं पुन्हा उभा केला. एखाद्या संगीत नाटकाचं पुनरुज्जीवन करावं, पण खुर्च्यांतल्या ढेकणांसकट, तसा. त्यात 'मोल्टन कोर' नावाची एक जळती गुहा आहे. चाळीस माणसं आपापल्या घरी बसून, पण एकदमच, या गुहेत शिरतात, एकामागून एक नऊ राक्षसांना भिडतात, आणि शेवटी लाव्हारसात कमरेपर्यंत बुडालेल्या रॅग्नरॉसपाशी येतात. याला रेड म्हणतात. आमची कन्या नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये उट्रेक्टला असते. तिनं मला निवृत्तीनंतर या उद्योगाला लावलं. माणसं निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी घेतात किंवा बागकाम. मी धर्मोपदेशक झालो. म्हणजे खेळातला, 'प्रीस्ट'. तिथले रात्रीचे आठ म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेअकरा, एवढा एकच अडथळा होता.

या चाळिसांत तीन जातीची माणसं असतात. मार खाणारे, मार देणारे आणि मार खाणाऱ्यांना मरू न देणारे. मार खाणाऱ्याला 'टँक' म्हणतात. टँकच्या अंगी 'टाँट' नावाची एक विद्या असते. त्यानं टोमणा मारला की राक्षस बाकी सगळ्यांना सोडून त्याच्याच अंगावर जातो. आमची कन्या टँक आहे. ही विद्या तिच्यात कुठल्या बाजूनं आली असावी, याबद्दल मी काही बोलणार नाही, कारण हा लेख घरातही वाचला जाणार आहे.

मी तिसऱ्या जातीचा. मला हे काम पहिल्या दिवसापासून ओळखीचं वाटलं, आणि ते का, हे ध्यानात यायला आठवडा गेला. हे वाढप्याचं काम आहे! लहानपणी आमच्या घरच्या कार्यात थोरले काका पंगतीची सूत्रं सांभाळत. माझ्या हातात मिठाचं तबक देऊन त्यांनी मला एकच धडा दिला होता. "वाढप्यानं माणसाच्या तोंडाकडे बघू नये, पानाकडे बघावं. तोंड 'नको नको' म्हणतं. पान खोटं बोलत नाही."

आता चाळीस पानं एका नजरेत दिसायची तर त्याला सोय हवी. खेळ स्वतःची अशी एक सोय देतोच, पण ती सरकारी दवाखान्यातल्या खाटेवरच्या तक्त्यासारखी: आहे म्हणायला आहे. म्हणून लोकांनी स्वतःच्या हौसेनं केलेल्या जोडण्या मिळतात. त्यांना 'अ‍ॅडऑन' म्हणायचं. आमच्या कन्येनं माझ्यासाठी जे निवडलं त्याचं नाव 'वुहडू'. सौ.नं नाव ऐकल्याबरोबर विचारलं, "करणी वगैरे आहे का ही?"

वुहडू बसवणं सोपं. 'इंटरफेस' नावाच्या फोल्डरात 'अ‍ॅडऑन्स' नावाचा फोल्डर असतो, त्यात नेऊन ठेवायचं. आपण केलेल्या सगळ्या खटपटी मात्र 'डब्ल्यूटीएफ' या तीन अक्षरी फोल्डरात साठतात. या अक्षरांचा अर्थ मी कन्येला विचारला. ती म्हणाली, "बाबा, नेटवर्क जातंय," आणि खरोखरच गेलं.

बसवणं सोपं, लावणं कठीण. बायका नवं घर ताब्यात आल्यावर आधी स्वयंपाकघर लावतात आणि मग आठ दिवस कुणालाही चमचा सापडत नाही, त्यातलाच हा प्रकार. वुहडूत एक तालमीची सोय आहे. ती दाबली की चाळीस खोट्या माणसांच्या चाळीस चौकटी पडद्यावर येतात. प्रत्येक चौकटीत एक नाव आणि एक पट्टी. पट्टी भरलेली म्हणजे माणूस धडधाकट; पट्टी सरकत सरकत डावीकडे आली की त्याचं काही खरं नाही. चाळीस हात लांबची माणसं फिकट दिसतात, म्हणजे ती तुमच्या पळीच्या टप्प्यात नाहीत. (मूळ हिशेब यार्डातला आहे, पण पंगतीत यार्ड कोण मोजतो?) या चौकटी पडद्याच्या मधोमध ठेवल्या तर राक्षस दिसत नाही, कडेला ठेवल्या तर मान आखडते. मी त्या तीन रात्री हलवत होतो. एक मात्र नियम आहे: लढाईला तोंड लागलं की मांडणी बदलता येत नाही. अक्षता पडल्यावर मांडवाचा खांब हलवता येत नाही, तसंच हे.

मग माउस. साधं डावं बटण दाबलं तर काय, उजवं दाबलं तर काय, शिफ्ट धरून, कंट्रोल धरून, ऑल्ट धरून काय, हे सगळं आपण ठरवायचं. कन्येनं इंग्रजी नावांचा तक्ता पाठवला होता. मी तो पाठ करायचा नाद सोडला आणि माझ्या परीनं लिहून काढला. डावं बटण म्हणजे तूप: झटकन पडतं, पण महाग. उजवं म्हणजे भात: भरपूर, पण परात आणायला तीन सेकंद लागतात. शिफ्ट धरून डावं म्हणजे आमटी: एकदा वाढली की दर तीन सेकंदांनी थोडी थोडी पोटात जात राहते. कंट्रोल धरून डावं म्हणजे पानात पडलेली माशी काढणं; राक्षसानं केलेली जादू उतरवायची ती अशी. हा कागद मी संगणकाच्या कडेला चिकटवला. आमच्या कामवाल्या मावशींनी तो आठवड्याचा बेत समजून दोनदा वाचला.

काटकसर इथेही आहेच. प्रत्येक मंत्राच्या लहानमोठ्या पायऱ्या असतात, आणि कसलेला माणूस मोठी पायरी येत असूनही लहानच वापरतो, कारण मंत्रशक्ती संपली की शंख करत बसावं लागतं. शिवाय पाच सेकंद हात आखडून काही वाढलंच नाही, तर ती शक्ती भराभर परत येऊ लागते. तेव्हा उगीच वाढत सुटायचं नाही. पान बघायचं आणि थांबायचं. हे थांबणंच शिकायला अवघड. एकेकाळी म्हणे अशी अ‍ॅडऑन्स होती की एकच बटण दाबत राहायचं, कुणाच्या पानात माशी पडली ते यंत्रच शोधायचं आणि काढायचं. २००६ च्या अखेरीस कंपनीनं ते बंद केलं. आता यंत्रानं दाखवायचं आणि माणसानं वाढायचं. मला हे पटतं. नुसतं पान बघून आपोआप भात पडायला लागला तर पंगतीत आणि गिरणीत फरक काय?

आमचा म्होरक्या स्वीडनचा होता. त्यानं माझी नेमणूक मुख्य टँकवर केली, आणि मुख्य टँक तो स्वतःच. कन्या तिसऱ्या नंबरची टँक. तिचं पान पोलंडमधल्या एका गड्याकडे. हा गडी खेळात झाडाझुडपांचा उपासक, आणि एरवी पहाटे उठून बेकरीत जाणारा. म्होरक्याच्या हिशेबानं ही वाटणी योग्यच होती. पण आपली मुलगी जळत्या गुहेत उभी आहे आणि तिच्या पट्टीची जबाबदारी एका अनोळखी बेकरीवाल्यावर आहे, या विचारानं माझा तुपाचा हात थरथरायचा.

वुहडूच्या यादीत तेव्हा मला एक शब्द सापडला: 'प्रायव्हेट टँक'. कुठल्याही एका माणसाला तुम्ही आपल्यापुरता टँक ठरवू शकता. त्याची चौकट वेगळी, बाजूला, हवी तेवढी मोठी. दुसऱ्या कुणाला ती दिसत नाही. ज्यानं हे लिहिलं त्याला नक्की मुलगी असणार.

मी ती चौकट उजव्या कोपऱ्यात लावली. त्या रात्री सौ. पाणी प्यायला उठली, माझ्या खुर्चीमागे उभी राहिली आणि म्हणाली, "यातली आपली कुठली?" मी बोट दाखवलं. त्या दिवसांत विमानं बंद होती. कन्या रोज फोनवर "मी मजेत आहे, तुम्ही काळजी घ्या" म्हणायची, रोज त्याच सुरात, आणि फोन ठेवल्यावर आम्ही दोघंही काही न बोलता टीव्हीवरचे आकडे बघायचो. सौ.ला खेळातलं अक्षर कळत नव्हतं. पण ती पट्टी तिला कळली. अर्धा तास ती तिथेच उभी होती.

समोर गोलेमॅग होता. याच्याबरोबर दोन राक्षसी कुत्री असतात. धनी मरेपर्यंत तीही मरत नाहीत; कुणीतरी ती शेवटपर्यंत अंगावर झेलायची. त्यातलं एक आमच्या कन्येकडे. लहानपणी गल्लीतलं कुत्रं दिसलं की माझ्या धोतरा– म्हणजे पँटमागे लपणारी हीच ती मुलगी. पट्टी भराभर डावीकडे आली. निम्मी. निम्म्याहून कमी. म्होरक्याचं पानही रिकामं होत होतं आणि माझा भात त्याच्यासाठी निघालेला. तेवढ्यात कन्येच्या पट्टीच्या टोकाला एक फिकट हिरवी रेघ उमटली.

"हे काय आलं?" सौ.नं विचारलं.

"दुसरा कुणी वाढायला निघाला की ते आधीच दिसतं. दोघांनी एकाच पानात भात घालू नये म्हणून."

"कोण निघालाय?"

"पोलंडचा मुलगा आहे. बेकरीत असतो."

रेघ भरली. पट्टी पुन्हा काठोकाठ झाली. आणि मग मी बघतच राहिलो, कारण पट्टी अर्ध्यावर यायच्या आतच दर वेळी ती फिकट रेघ उमटत होती. एकदाही उशीर नाही. सौ.नं पेला खाली ठेवला. "जेवलाय का विचार त्याला," ती म्हणाली आणि झोपायला गेली.

त्यानंतर दर रेडला ती साडेअकराच्या सुमाराला यायची, कोपऱ्यातली चौकट बघायची, "भरलेली आहे ना?" विचारायची आणि जायची. एकदा बॅरन गेडननं कन्येला 'जिवंत बाँब' केलं, म्हणजे आठ सेकंदांत ती फुटणार आणि तिनं इतरांपासून दूर पळायचं. ती बिचारी नियमाप्रमाणे गुहेच्या कोपऱ्यात एकटी जाऊन उभी राहिली. सौ. म्हणाली, "तिथेही एकटीच?" आमच्यातला एक स्पॅनिश तिरंदाज मात्र बाँब झाला की हमखास गर्दीत धावत यायचा. संकटात माणसाला माणसंच हवीशी वाटतात, त्याला तो काय करणार? त्याच्यापायी सात-आठ जण तरी दर वेळी आडवे व्हायचे.

मे महिन्यात आमच्या तुकडीनं प्रथमच रॅग्नरॉसला हरवलं. लोक सांगतात की तो फार भव्य आहे, त्याच्या हातात प्रचंड हातोडा आहे आणि तो मरताना सगळी गुहा उजळते. असेलही. माझ्या कानात एकदम पाच-सहा भाषांतला आरडाओरडा सुरू झाला, आणि त्यातून कन्येचा आवाज आला, "बाबा, पाहिलंस का?"

"काय?"

"अरे, तो पडला! मेला! तू अजून काय करतोयस?"

चाळिसांतल्या तीन पट्ट्या अजून अर्ध्यावर होत्या. मी म्हटलं, "होऊ दे सावकाश. अजून वाढतोय मी."