सोलापुरात अॅम्प्लिफायर शोधताना

सोलापूर म्हटले की चादर, शेंगाचटणी, कडक भाकरी आणि सिद्धेश्वरचे तळे एवढे सर्वांना आठवते. या शहरात वाढलेल्या माणसाला मात्र आधी आठवतो तो आवाज. १८७७ साली जुनी गिरणी सुरू झाली तेव्हापासून कष्टकऱ्यांचा दिवस भोंग्यावर चालला. घरात घड्याळ नसले तरी अडत नसे. भोंगा झाला की चूल पेटायची आणि दुसरा भोंगा व्हायच्या आत माणूस गिरणीच्या दारात असायचा. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि एकामागून एक बंदही पडल्या. भोंगा गेला, पण यंत्रमागाचा खडखडाट राहिला. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत किंवा नीलम नगरच्या गल्लीत उभे राहावे म्हणजे कळते. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर तोंड कानाजवळ न्यावे लागते.

या खडखडाटात पस्तीस वर्षे काढलेले आमच्या ओळखीचे एक अण्णा आहेत. आता घरीच असतात. त्यांचा मुलगा पुण्याला एका कंपनीत आहे. तिथल्या एका साहेबांनी निवृत्त होताना त्याला स्पीकरची एक जोडी दिली. साधी जोडी नव्हे. इंग्लंडच्या बीबीसीच्या इंजिनियरांनी १९७० च्या दशकात तयार केलेले, ‘एलएस ३/५ए’ नावाचे मॉडेल. जाणकार लोक या जोडीसाठी लाखाच्या पुढे पैसे मोजतात. मुलाने ती सोलापुरात आणून वडिलांपुढे ठेवली आणि म्हणाला, “अण्णा, यावर गाणी ऐका, बाबासाहेबांचा आवाज ऐका.” पण स्पीकर एकटा काय बोलणार? त्याला बोलवणारा अॅम्प्लिफायर पाहिजे. तो निवडायला अण्णा, त्यांचा मुलगा आणि आम्ही असे तिघे सुट्टीच्या दिवशी निघालो. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, पण जयंतीच्या आणि सभांच्या निमित्ताने माईक-भोंग्याशी आमची वीस वर्षांची ओळख आहे.

पहिला मुक्काम नवी पेठ. सोलापुरातील खरेदीची वाट इथूनच जाते. दुकानदाराने हसून विचारले, “काय घ्यायलाव?” आम्ही स्पीकरचे वर्णन सांगताच त्याने एक चकचकीत पेटी पुढे ओढली. तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिले होते, १००० वॅट. आम्ही पेटी फिरवली आणि मागची पट्टी वाचली. तिथे बारीक अक्षरात लिहिले होते, वीज ८० वॅट. आता जे यंत्र भिंतीतून ८० वॅट घेते ते हजार वॅट देणार कुठून? हा हिशेब सातवीतल्या मुलालाही जमतो. हजाराचा आकडा ‘पीएमपीओ’ नावाचा असतो. क्षणभराच्या कमाल आवाजाचा, कागदावर फुगवलेला. खरा आकडा ‘आरएमएस’चा, म्हणजे यंत्र सतत किती ताकद देऊ शकते त्याचा. वाचकांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुढच्या दिवाळीत पैसे वाचतील.

तिथून आम्ही माणिक चौकाच्या बाजूला एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. दुकान म्हणजे आठ फुटांची खोली. भिंतीला रेडिओ, टेप, सभेचे अॅम्प्लिफायर असे सगळे टांगलेले. मेकॅनिकने स्पीकर पाहिले, मागची पट्टी वाचली आणि म्हणाला, “पंधरा ओहम आहे. आधी हे नीट समजून घ्या.”

त्याने जे सांगितले ते असे. स्पीकर विजेला जो अडथळा करतो तो ओहममध्ये मोजतात. बाजारातले बहुतेक स्पीकर चार, सहा किंवा आठ ओहमचे असतात. या जुन्या बीबीसी जोडीचा अडथळा पंधरा ओहम. अडथळा जितका जास्त तितकी वीज कमी ओढली जाते. म्हणून जो अॅम्प्लिफायर आठ ओहमला ५० वॅट देतो तोच पंधरा ओहमला साधारण २७ वॅट देतो. उलट चार ओहमचा स्पीकर दुप्पट वीज ओढतो आणि कमकुवत अॅम्प्लिफायर तापून बंद पडतो किंवा जळतो. म्हणजे चार ओहमवाल्याने अॅम्प्लिफायरची छाती पाहावी, पंधरा ओहमवाल्याने ताकद उरते किती ते पाहावे.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची. एक वॅट वीज दिली आणि एक मीटरवर कान ठेवला तर किती डेसिबल आवाज येतो, हा तो आकडा. सभेचा भोंगा एका वॅटला १०५ डेसिबलच्या आसपास जातो. आमची बीबीसीची जोडी ८३ ला थांबते. फरक २२ डेसिबलचा. डेसिबलचे गणित असे आहे की ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो आणि दहापट केली तर १०. या हिशेबाने भोंगा एका वॅटात जेवढा ओरडतो तेवढे ओरडायला या स्पीकरला दीडशेहून जास्त वॅट लागतील. तेवढे दिले तर तो जळून जाईल. तो ओरडण्यासाठी केलेलाच नाही. बीबीसीच्या गाडीत बसून, बाहेरगावचा कार्यक्रम प्रसारित करताना माणसाचा आवाज जसाच्या तसा येतो की नाही हे तपासायला तो केला होता.

मग अण्णांच्या घराला किती ताकद लागेल? आम्ही वहीवर हिशेब मांडला. खोली दहा बाय बारा. दोन्ही स्पीकरपासून सात फुटांवर एका वॅटला सुमारे ८० डेसिबल मिळतील. साधे बोलणे ६० चे असते. गाणे जरा खुलून लावले तर ७५. त्यात ढोलकीची थाप मध्येच पंधरा डेसिबलने उसळते, म्हणजे ९० ला जाते. तेवढ्याला दहा वॅट लागतात. पंधरा ओहमवर २७ वॅट मिळाले तर अडीचपट शिल्लक राहते. ही शिल्लक महत्त्वाची. अॅम्प्लिफायरची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात, आवाज फाटतो आणि स्पीकरमधला छोटा, तीक्ष्ण सुरांचा भाग जळतो. लोक समजतात मोठ्या अॅम्प्लिफायरने स्पीकर जळतो. पुष्कळदा तो छोट्या अॅम्प्लिफायरला शेवटपर्यंत पिळल्याने जळतो.

आता प्रकार कोणता घ्यावा? मुलाच्या मनात वाल्वचा होता. दिव्यासारखे लालसर पेटणारे ते वाल्व दिसायला सुरेख. पुण्याच्या केडन्स ऑडिओसारख्या आपल्याकडच्या कंपनीनेही वाल्वचे उत्तम अॅम्प्लिफायर बनवले. त्याच्या ट्रान्सफॉर्मरला बहुधा सोळा ओहमची वेगळी जोडणी असते, म्हणून या स्पीकरला तो पूर्ण ताकद देतो. पण मेकॅनिकने छताकडे बोट दाखवले. सोलापूरचा एप्रिल-मे, पारा बेचाळीस-त्रेचाळीसला, वर पत्रा, आणि खोलीत ही शेगडी! आत तीनशे-चारशे व्होल्टचा दाब, घरात नातवंडे. वाल्व झिजले की पुन्हा खर्च. तो बेत तिथेच राहिला.

दुसरा प्रकार ‘क्लास डी’. हातावर मावणारा, थंड, वीज कमी खाणारा. भाड्याच्या छोट्या घरात, कमी पैशात हा चांगला. मात्र स्वस्तातला घेताना आरएमएसचा आकडा आणि सोबतचा वीजपुरवठा तपासून घ्यावा. तिसरा ‘क्लास एबी’. हा जुना, भरवशाचा, मध्यम तापणारा. मेकॅनिककडे असा एक स्टिरिओ अॅम्प्लिफायर होता, आठ ओहमला ५० वॅटचा. त्याचे जुने कपॅसिटर त्याने बदलून दिले होते. मेकॅनिक म्हणाला, “घरी न्या, चार दिवस ऐका, मग पैसे द्या.” आम्हांला हा व्यवहार आवडला. जे यंत्र सोलापुरात दुरुस्त होते तेच सोलापूरकराने घ्यावे, असे आमचे मत आहे.

विहारातला सभेचा अॅम्प्लिफायर घरच्या स्पीकरला जोडू का, असे पुष्कळ कार्यकर्ते विचारतात. त्याच्या मागे १०० व्होल्टची लाइन असते. ती लांबवरच्या भोंग्यांसाठी, ट्रान्सफॉर्मर बसवलेल्या स्पीकरसाठी आहे. घरचा स्पीकर त्या खुंटीला लावाल तर क्षणात धूर निघेल. विहाराचे यंत्र विहारातच असू द्यावे.

संध्याकाळी अण्णांच्या घरी जोडणी केली. वायरीसाठी हजारो रुपये घालवायचे कारण नाही. पाच मीटरला दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर पुष्कळ झाली. पंधरा ओहमपुढे तिचा अडथळा नगण्य. घरातील दाब वरखाली होतो म्हणून स्टॅबिलायझर लावला. अर्थिंग तपासले, कारण अर्थिंग नसेल तर स्पीकरमधून गुणगुण येते.

तरीही पहिल्यांदा आवाज घुमला. दोष यंत्राचा नव्हता. खाली शहाबादी फरशी, वर पत्रा, भिंती उघड्या. आवाज चेंडूसारखा उड्या मारत होता. अण्णांच्या मंडळींनी पेटीतल्या दोन जाड सोलापुरी चादरी काढल्या. एक मागच्या भिंतीला टांगली, एक फरशीवर अंथरली. चादर ढोलाचा घुमारा अडवत नाही, पण तीक्ष्ण आवाजाचे उसळणे बरेच शोषते. फरक सर्वांना कळला. ज्या हातांनी आयुष्यभर माग चालवला त्यांच्या घरी हा उपाय पेटीतच पडून होता!

आता अण्णांच्या कानाविषयी. मागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. वर्षानुवर्षे तो ऐकला की कानाच्या आतल्या सूक्ष्म पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत. पहिला घाव ४००० हर्ट्झच्या आसपासच्या तीक्ष्ण सुरांवर बसतो. स, श, त, क ही अक्षरे मुख्यतः वरच्या सुरांवर ओळखू येतात. म्हणून अशा माणसाला आवाज ऐकू येतो पण शब्द कळत नाही. घरचे ओरडतात, टीव्ही मोठा करतात, आणि शब्द तरीही फाटकाच राहतो. त्याला हवा असतो स्वच्छ आवाज. आम्ही अण्णांची खुर्ची सात फुटांवरून साडेतीन फुटांवर ओढली. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की सहा डेसिबल वाढतात, म्हणजे चौपट ताकदीचा अॅम्प्लिफायर घेतल्यासारखे. खोलीत थोडे कमी. खर्च शून्य.

आधी प्रल्हाद शिंदे लावले. मग १९५५ साली बाबासाहेबांनी बीबीसीला दिलेल्या मुलाखतीचे जुने ध्वनिमुद्रण. भाषा इंग्रजी, नातू थांबवून थांबवून अर्थ सांगत होता. अण्णा म्हणाले, “इंग्रजी कळत नाही, पण शब्द सुटा सुटा येतोय. टीव्हीवर सगळा गाळ होतो.” दुसऱ्या आठवड्यात मुलाने त्यांना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये नेऊन कानाची तपासणी करून घेतली. श्रवणयंत्र सुचवले आहे. स्पीकर कितीही भारी असला तरी तो श्रवणयंत्राची जागा घेत नाही, हे इथे स्पष्ट सांगतो.

एक गोष्ट आपल्या तरुणांसाठी. घरी दहा वॅटात ढोलकी खुलते, आणि मिरवणुकीत आपण डीजेच्या भिंती उभ्या करतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते की ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तासांपर्यंतच सुरक्षित. मागाने बापाचे कान नेले ते पोटासाठी. मुलाने आपले कान हौसेपायी का घालवावेत?

खरेदीला निघणाऱ्या बंधू-भगिनींनी एवढे करावे. स्पीकरच्या मागचे ओहम आणि संवेदनशीलता कागदावर लिहून न्यावी. अॅम्प्लिफायरचे आरएमएस वॅट विचारावेत आणि ते किती ओहमला आहेत तेही विचारावे. यंत्र घरी आणून, आपल्या खोलीत, आपल्या ओळखीच्या गाण्यावर ऐकावे. घरातल्या ज्येष्ठाला जवळ बसवावे आणि शब्द कळतो का ते त्यालाच विचारावे. तो हो म्हणाला की पैसे द्यावेत.