रंगाआधी नळ्या

आमच्या अब्बांच्या गाडीला घरात कुणी कधी पद्मिनी म्हटलं नाही. ती फियाटच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघणारी ही गाडी 1974 पासून पद्मिनी झाली, पण धुळ्यात मान जुन्याच नावाला. आमची 1984 ची. अब्बांनी ती 1991 साली सेकंडहँड घेतली आणि निवृत्तीनंतर बरीच वर्षं ती अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये बंद झाली, ती बातमी वाचून अब्बा दोन दिवस कमी बोलले. मग धाकट्या भावानं जाहीर केलं, माझी बारात याच गाडीतून जळगावला जाईल.

भावाला रंग हवा होता, चकाकणारे बंपर हवे होते. पैसे बहुतेक माझे, म्हणजे एका उर्दू शाळेतल्या शिक्षिकेचे. रंग आणि दुरुस्ती दोन्हीला ते पुरणारे नव्हते. मी उस्तादांना म्हटलं, आधी खाली झोपून बघा.

उस्ताद बाहेर आले ते बोटांना गंज लावूनच. मागच्या चाकांकडे जाणारी ब्रेकची लोखंडी नळी एका ठिकाणी ओलसर होती. पेन्सिलीपेक्षा बारीक नळी. मी वर्गात पास्कलचा नियम शिकवते: बंद द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोहोचतो. पण द्रव बंद असेल तरच. आमच्या गाडीत चारही चाकांना एकच वाट. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. उरतो तारेवरचा हँडब्रेक. आणि धुळे ते जळगाव, पारोळा-एरंडोलवरून, ट्रकांच्या रांगेत जवळपास शंभर किलोमीटर. गाडीत नवरदेव, अम्मी, अब्बा.

“वो कंपनी का पाइप है बेटा, हाथ मत लगाओ,” अब्बा म्हणाले. त्यांच्या लेखी कंपनीचा माल म्हणजे शेवटचा शब्द. उस्तादांनी वाद घातला नाही. नळीचा ओला तुकडा कापला, उभा चिरला आणि त्यांच्या हातावर ठेवला. बाहेरून बरा दिसणारा तुकडा आतून खाल्लेला होता. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही की तेच पाणी लोखंडाला आतून खातं. अब्बांनी तुकडा खिशात टाकला आणि म्हणाले, “सब बदलो.”

एका दुकानदारानं एसीची तांब्याची नळी सुचवली होती. स्वस्त, हातानं वाकते. उस्तादांनी साफ नकार दिला. गाडीच्या थरथरीनं तांबं हळूहळू कडक होतं आणि तडकतं. त्यांनी स्टीलची नळी आणली, जुनी शेजारी ठेवून वळण वळणाशी जुळवलं. तोंडाशी ती दुहेरी दुमडली, म्हणजे नट आवळला की दाबाखाली गळत नाही. आधी नट ओवायचा, मग तोंड दुमडायचं, नाहीतर सगळं पुन्हा कापा! चाकांजवळच्या तीन रबरी नळ्याही नव्या घेतल्या.

पेट्रोलच्या नळीचं दुखणं वेगळं. ती टाकीपासून पुढच्या पंपापर्यंत जाते आणि मध्ये रबरी जोड असतात. 2025 पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं. चाळीस वर्षांपूर्वीचं रबर त्यासाठी घडलेलंच नव्हतं. ते फुगतं, चिरतं, आणि थेंब पडतो तो गरम इंजिनाजवळ. म्हणून इथेनॉल सोसणारी रबरी नळी घेतली, नव्या पट्ट्या आवळल्या.

भाऊ अजून रुसलेलाच. त्याला उस्तादांच्या एका वाक्यानं गप्प केलं: ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग उचलून टाकतं. आधी रंग दिला असता तर तोही गेला असता.

शेवटी हवा काढायची होती. मागचं डावं चाक सगळ्यांत लांब, सुरुवात तिथून. उस्ताद गाडीखाली, मी पेडलवर.

“दबाओ.”

“दबाया.”

“पकड के रखो.”

पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत जायचे, उस्ताद निपल आवळायचे, मग माझा पाय वर. आधी पेडल थेट तळाला जायचं. चौथ्या चाकापर्यंत ते विटेसारखं घट्ट झालं. अब्बांनी मला उठवलं, स्वतः बसले आणि कितीतरी वेळ नुसते पेडल दाबत राहिले.

बारातीला गाडी उडालेल्या रंगानेच गेली. बांभोरीजवळ गिरणेच्या पुलाअलीकडे एक ट्रक अचानक थांबला, अब्बांनी ब्रेक मारला, बॉनेटवरची गुलाबाची माळ पुढे घसरली आणि अम्मी म्हणाल्या, “आहिस्ता.” रंगाचे पैसे भाऊ आता साठवतो आहे.