वाढत्या मापाची चड्डी

आपल्या घरांत कपडा घ्यायचा म्हटले की दुकानातले पहिले वाक्य ठरलेले असते, "जरा वाढत्या मापाचा दाखवा." पोर वाढत असते, पगार वाढत नसतो. म्हणून सदरा दोन बोटे मोठा, पँटची पट्टी आत दुमडून शिवलेली आणि थोरल्याचे झाले की धाकट्याला. हा हिशेब आपल्या आयांनी घालून दिला आहे आणि तो खरा आहे. पण एका कपड्याच्या बाबतीत तो निम्माच लागू पडतो. तो कपडा म्हणजे डोंगरवाटेवर सायकल चालवताना घालायची चड्डी. पोरे तिला माउंटन बाइक शॉर्ट्स म्हणतात.

वाचक म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले आपल्या घरात कशाला? पण सायकल आपल्या घरात नवीन नाही. पँटच्या पायाला क्लिप लावून, हँडलला डबा अडकवून कामावर जाणाऱ्या बापांची आपण मुले. त्यांच्या पँटी आसनात आधी विरत, हे त्यांना ठिगळ लावणाऱ्या आयांना ठाऊक आहे.

आम्ही दोघे पुण्यात गोखलेनगरला राहतो. एक कारखान्यात, एक घरी शिलाई मशीनवर. वेताळ टेकडी जवळच. आमच्या थोरलीला, वय वर्षे सतरा, तिच्या मामाने जाड टायरची जुनी गिअरची सायकल दिली. पहाटे ती टेकडीच्या पायवाटांवर जाऊ लागली. चेहऱ्यावर तेज आले, भूक वाढली. महिन्याभराने मात्र जाणे एकदम बंद. विचारले तर "कंटाळा आला" एवढेच उत्तर. तिच्या आईने जवळ घेऊन विचारले तेव्हा कळले की मांड्यांच्या आतली कातडी सोलवटून जखमा झाल्या होत्या. पोर सुती ट्रॅकपँटवर सायकल चालवीत होती आणि दुखणे अशा जागी की बोलायची लाज. दवाखान्यातल्या बाईंनी मलम दिले, जखम भरेपर्यंत सायकल बंद ठेवायला सांगितले आणि पुढे कपडा नीट निवडा म्हणून बजावले. मग आम्ही या कपड्याचा शोध घेतला. त्यातून जे कळले ते येथे सांगतो.

डोंगरवाटेवर माणूस सीटवर नुसता बसून राहत नाही. चढाला पुढे सरकतो, उताराला मागे जातो, दगड आला की उभा राहतो. प्रत्येक वेळी कापड घासते. सुती कापड घाम पिते आणि ओलेच राहते. ओली कातडी लवकर सोलते. त्यात साध्या पँटच्या चारही शिवणी आसनात एकत्र येतात, नेमका जेथे अंगाचा भार पडतो तेथेच.

या खेळाची सुरुवातही साध्याच कपड्यांत झाली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या माउंट टॅमलपायस डोंगरावर 1970 नंतरच्या दशकात काही तरुण जुन्या जड सायकली उतारावर पळवीत, त्या जीन्स घालूनच. रस्त्यावरच्या शर्यतीतले लोक तंग चड्डी घालीत आणि तिच्या आसनात मऊ कातडे शिवलेले असे. पुढे कातड्याच्या जागी धुता येणारी कृत्रिम गादी आली. डोंगरातल्यांनी त्यावर सैल, मजबूत चड्डी चढवली. 1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला, तो पुरुष आणि स्त्रिया दोघांसाठी.

म्हणजे हे दोन कपडे आहेत, एक आतला आणि एक बाहेरचा. आमच्या हिशेबाची गाठ येथेच सुटली. आतली चड्डी गादीची. ती अंगाला चिकटून बसली पाहिजे. ही वाढत्या मापाची मुळीच घेऊ नये. सैल झाली की गादी सरकते, चुण्या पडतात आणि त्याच घासतात. जास्त जाड स्पंज म्हणजे जास्त चांगला, हाही समज खोटा. मुलींच्या बसण्याच्या हाडांतले अंतर सहसा जास्त असते, म्हणून त्यांची गादी मागे रुंद असते. भावाची चड्डी बहिणीला चालवू नये. आणि तिच्याखाली दुसरी चड्डी घालायची नाही. हे ऐकून आजी दचकल्या, पण आतल्या कपड्याच्या शिवणीच तर टोचतात. म्हणूनच ती दर फेरीनंतर धुवावी आणि उलटी करून पूर्ण वाळवावी.

बाहेरची चड्डी मात्र खुशाल वाढत्या मापाची घ्या. कमरेला आवळायची पट्टी असली की झाले. दुकानात आरशासमोर उभे राहून तिचे माप कळत नाही. खुर्चीच्या कडेवर बसावे, पुढे वाकावे, गुडघे छातीकडे आणावेत. मागून कंबर उघडी पडता कामा नये, मांडीवर कापड ताणता कामा नये. पाय फार घोळदार असेल तर तो सीटच्या टोकात अडकतो आणि उतारावर ते धोक्याचे. लांबी गुडघ्यापर्यंत असावी.

आता खिसे. एका दुकानात मुलींच्या चड्डीला खिसे दिसले, पण बोट घातले तर शिवून बंद! नुसती शोभा. टेकडीवर एकटी जाणारी पोर पडली, टायर फुटला, कोणी वाट अडवली, तर फोन काढायचा कोठून? खिसा ही तिची सोबत आहे. तो पुढे जांघेजवळ असेल तर पेडल मारताना फोन टोचतो. मागे असेल तर आपण त्यावरच बसतो. तो असावा मांडीच्या बाहेरच्या बाजूला, चेन लावलेला आणि फोन आत हिंदकळणार नाही इतकाच रुंद. किल्ल्या त्यात ठेवू नयेत. कुशीवर पडल्यास त्या अंगात रुततात.

आम्ही आतली चड्डी पैसे मोजून योग्य मापाची घेतली. बाहेरची नायलॉनच्या साध्या हाफपँटवरून घरीच बेतली. आसनात सलवारीला लावतात तसा जोड घातला, म्हणजे शिवणी एका जागी येत नाहीत. एका मांडीला चेनचा खिसा फोनसाठी, दुसऱ्या मांडीला पैशांसाठी. गल्लीतल्या एका बाईंनी विचारले, "पोरगी चड्डी घालून टेकडीवर जाणार?" थोरलीच म्हणाली, "मावशी, खिशाला हात लावून बघा आधी." मावशींनी बघितले आणि स्वतःच्या नातीसाठी माप देऊन गेल्या.

माता-पित्यांनो, पोर एखाद्या गोष्टीपासून मुकाट्याने मागे हटली तर तिला आळशी म्हणू नका. कोठे टोचते ते विचारा. आईला सांगता येत नसेल तर मावशीला, आत्याला सांगू द्या. अंगाच्या दुखण्याची लाज बाळगून आपल्या मुलींनी पुष्कळ वाटा सोडल्या आहेत. एक सरळ प्रश्न आणि एक नीट बेतलेला कपडा यांनी त्यातली एखादी वाट परत मिळत असेल, तर शिलाईची ती मजुरी वाया गेली असे कोण म्हणेल?